जोड तासिकेत भाषा : सत्तर मिनिटांचे काय करावे?

दिवाळीच्या सुट्टीनंतर दुसरे सत्र सुरू होईल तेव्हा पाचवी ते आठवीच्या वेळापत्रकात थोडा बदल करावा, असा प्रस्ताव आम्ही भाषा-शिक्षकांनी विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे. गुजराती आणि इंग्रजी या दोन विषयांच्या काही तासिका जोडून घ्याव्यात, म्हणजे पस्तीस मिनिटांच्या दोन तासिकांची सत्तर मिनिटांची एक जोड तासिका व्हावी, असा हा विचार आहे. पालकसभेत यावर बरेच प्रश्न आले. "एवढा वेळ मुले बसतील का?" हा पहिला. "मराठीच्या तासिका तर कमी होणार नाहीत ना?" हा दुसरा, आणि खरे सांगायचे तर आम्हांलाही तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. म्हणून सगळे सविस्तर लिहीत आहोत.

आधी आपल्या मुलांची स्थिती पाहू. आपली शाळा मराठी माध्यमाची, पण गाव सुरत. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांतून येणाऱ्या पुष्कळ मुलांच्या घरी अहिराणी बोलतात. 'मला' ऐवजी 'माले' आणि 'आहे' ऐवजी 'शे' ऐकत ती मोठी होतात. पुस्तकातली मराठी ही त्यांच्यासाठी जवळची, पण वेगळीच बोली. रस्त्यावर व दुकानात गुजराती, कारखान्याच्या वस्तीत हिंदी, आणि इंग्रजी तर सगळ्यांनाच हवी. गुजरात विधानसभेने २०२३ साली केलेल्या कायद्यानुसार पहिली ते आठवीपर्यंत सर्व शाळांत गुजराती शिकवणे सक्तीचे आहे. आम्हांला त्यात गैर काही वाटत नाही. ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या राहायचे त्या गावाची भाषा लिहिता-वाचता आलीच पाहिजे. पण परिणाम असा की आपल्या मुलांना चार भाषा शिकायच्या आहेत आणि आठवडा मात्र सगळ्यांचा सारखाच आहे.

पस्तीस मिनिटांच्या तासिकेत प्रत्यक्षात काय होते ते विद्यार्थी मित्रांना ठाऊकच आहे. आधीचे शिक्षक जातात, फळा पुसला जातो, हजेरी, वह्या काढणे, "सर, पुस्तक विसरलो". यात पाच-सात मिनिटे जातात. मग धडा वाचून होतो, शब्दार्थ फळ्यावर येतात, आणि मुलांनी तोंड उघडायची वेळ आली की घंटा. लेखन राहते ते घरी. घरी लिहिलेली वही दोन दिवसांनी आमच्याकडे येते, आणखी दोन दिवसांनी लाल खुणा होऊन परत जाते. तोपर्यंत आपण ते वाक्य तसे का लिहिले होते हे मुलाला आठवत नसते. लाल खूण तो पाहतो, गुण पाहतो आणि पान उलटतो. भाषेच्या शिक्षणात आमच्या मते सर्वांत जास्त नुकसान येथे होते.

जोड तासिकेचा खरा फायदा हाच की, ऐकणे, बोलणे, वाचणे आणि लिहिणे ही चारही कामे एकाच विषयावर एकाच बैठकीत होतात आणि लिहिलेले तिथल्या तिथे तपासले जाते.

पण सत्तर मिनिटे म्हणजे दोन धडे, असे कोणी धरले तर सगळेच बिघडेल. एक शिक्षक सत्तर मिनिटे बोलत राहिला तर पाचवीचा मुलगाच काय, विश्वस्तांची सभाही पेंगू लागेल. बारा-पंधरा मिनिटांनी काम बदलले पाहिजे आणि मध्ये एकदा तरी मुलांनी जागेवरून उठले पाहिजे. गेल्या सत्रात सातवीच्या गुजरातीला आम्ही आठवड्यातून एक जोड तासिका घेऊन पाहिली. तिचा क्रम साधारण असा होता.

पहिली दहा मिनिटे पुस्तक बंद. मागच्या वेळचे जे आठवते ते गुजरातीत सांगायचे, चुकत सांगितले तरी चालेल. मग शिक्षक एक छोटा उतारा, पाच-सहा वाक्यांचा, दोनदा सावकाश वाचतात. पहिल्या वेळी नुसते ऐकायचे, दुसऱ्या वेळी सुटे शब्द टिपायचे. नंतर दोघादोघांनी मिळून त्या शब्दांवरून उतारा पुन्हा उभा करायचा. हे श्रुतलेखन नव्हे. श्रुतलेखनात कान आणि हात चालतात, यात डोके चालवावे लागते. 'छोकरो' की 'छोकरी', 'गयो' की 'गयुं', यावर दोन मुले तावातावाने वाद घालतात तेव्हा व्याकरणच शिकत असतात, फक्त त्यांना ते व्याकरण वाटत नाही.

त्यानंतर उठायचे. अर्धा वर्ग भाजीवाला, अर्धा गिऱ्हाईक. भाजीवाल्याच्या हातात भावाची चिठ्ठी, गिऱ्हाइकाच्या हातात सामानाची यादी. एकमेकांच्या चिठ्ठ्या पाहायच्या नाहीत, विचारूनच माहिती काढायची. गोंगाट होतो हे कबूल, आणि शेजारच्या वर्गाच्या शिक्षकांनी तो सहन केला याबद्दल त्यांचे आभार. मग मुले खाली बसतात आणि पंधरा-वीस मिनिटे अगदी शांतपणे लिहितात : आज बाजारात काय घेतले, काय महाग वाटले. शिक्षक बाकांमधून फिरत वाक्य लिहिले जात असतानाच चूक दाखवतात. शेवटी प्रत्येकाने दुरुस्त केलेले एक वाक्य मोठ्याने वाचून मगच वर्गाबाहेर जायचे.

मराठी मुलांना गुजराती शिकवताना आणखी एका गोष्टीला वेळ लागतो, ती म्हणजे तुलना. या दोन भाषा सख्ख्या बहिणींसारख्या, त्यामुळेच फसवतात. गुजरातीत 'हुं नवरो छुं' म्हणजे 'मला फुरसत आहे'. पहिल्यांदा ऐकल्यावर वर्ग पाच मिनिटे हसतो, पण शब्द जन्मभर विसरत नाही. आपला 'दादा' मोठा भाऊ, त्यांचे 'दादा' म्हणजे आजोबा. आपण 'मुकलो' म्हणतो तेव्हा काही तरी गमावलेले असते, ते 'मूक्युं' म्हणतात तेव्हा फक्त खाली ठेवलेले असते. हिंदीचे वेगळेच. तिथे 'शिक्षा' मिळाली तर आनंद मानायचा, मराठीत आणि गुजरातीत पाठ सांभाळायची.

लिंगाचेही तसेच. मराठीत 'पुस्तक चांगले', गुजरातीत 'पुस्तक सारुं', दोन्हीकडे नपुंसकलिंग. हिंदीत मात्र 'पुस्तक अच्छी'. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' हा जो भेद आहे, तो गुजरातीत 'अमे' आणि 'आपणे' असा जसाच्या तसा सापडतो, आणि हिंदीत दोन्हींसाठी 'हम' एवढेच. हे तक्ते फळ्यावर तीन रकान्यांत मुलांनीच भरले की त्यांची मराठीही पक्की होते. आपल्या भाषेत तीन लिंगे आहेत ही गोष्ट दुसरी भाषा शेजारी ठेवल्याशिवाय मुलाच्या लक्षातच येत नाही.

लिपीबद्दल पालकांचा एक समज आहे की शिरोरेषा काढली की झाली गुजराती. ग, त, न, म यांच्या बाबतीत ते बरेचसे खरे आहे. पण अ, इ, ख, ज, झ, भ यांची वळणे निराळी आहेत आणि ती गिरवूनच येतात. त्यातून गुजराती 'र' आणि दोनचा आकडा, तसेच 'प' आणि पाचचा आकडा इतके सारखे दिसतात की, गणिताच्या वहीत मुले गोंधळतात. हे पस्तीस मिनिटांत उरकण्याचे काम नाही.

ही तुलनेची पद्धत आमच्या डोक्यातून निघालेली नाही, आणि सुरतेला तर तिचे अप्रूप वाटायला नको. मराठीचे व्याकरण लिहिणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिक्षक होते. त्यांचे व्याकरण १८३६ साली निघाले, आणि १८४४ साली सुरतेत दुर्गाराम मेहताजी यांच्यासह त्यांनी मानवधर्म सभा स्थापन केली. एक मराठी व्याकरणकार आणि एक गुजराती शिक्षक एकत्र बसून समाजसुधारणेच्या गोष्टी करत होते, त्या याच गावात. पुढे याच गावच्या कवी नर्मदांनी एकट्याने रचलेला 'नर्मकोश' १८७३ साली पूर्ण प्रसिद्ध झाला. काकासाहेब कालेलकर तर जन्माने मराठी, पण गुजराती अशी लिहीत की लोक त्यांना 'सवाई गुजराती' म्हणत. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर ताराबाई मोडक काम करत होत्या, आणि 'शिक्षणपत्रिका' गुजरातीप्रमाणे मराठीतही निघत असे. गिजुभाईंच्या 'दिवास्वप्न' पुस्तकातला शिक्षक चौथीचा वर्ग हाती घेतो तेव्हा धड्याच्या आधी गोष्टी सांगायला बसतो. आमच्या जोड तासिकेतही गोष्टीला जागा आहे, आणि ती धडा संपल्यावर वेळ उरला तर सांगायची म्हणून नाही.

आता दुसरी बाजू. जोड तासिकेचा मोठा तोटा म्हणजे दोन भेटींमधले अंतर. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच निरर्थक अक्षरगट पाठ करण्याचे प्रयोग केले आणि १८८५ साली ते प्रसिद्ध केले. शिकलेले सर्वांत वेगाने विसरते ते पहिल्या काही तासांत व पहिल्या दिवसात, आणि तेवढाच सराव थोडा थोडा विभागून केला तर जास्त टिकतो, हे त्यांना दिसले. शब्द आणि पाढे यांच्या बाबतीत घरोघरच्या आज्यांना हे ठाऊकच होते.

अमेरिकेत १९९० च्या दशकात अनेक हायस्कुलांनी सुमारे नव्वद मिनिटांच्या तासिका सुरू केल्या. काही ठिकाणी तर वर्षाचा विषय अर्ध्या वर्षात संपवण्याची सोय झाली. तिथे भाषा-शिक्षकांची तक्रार अशी की, मुलगा एका सत्रात फ्रेंच किंवा स्पॅनिश शिकतो आणि पुढची पायरी कधी कधी वर्षभराने येते, तोवर पाटी कोरी. तिकडच्या आपल्या मराठी कुटुंबांची मुले शनिवारी-रविवारी भरणाऱ्या मराठी शाळेत जातात. तिथे आठवड्यातून एकच लांब वर्ग असतो. त्या शाळांचा सगळा भार मधल्या सहा दिवसांत घरी मराठी बोलले जाते की नाही यावरच असतो. आपल्याकडे गुजराती दाराबाहेर ऐकू येते, इंग्रजी तशी येत नाही, हा फरक ध्यानात ठेवला पाहिजे.

म्हणून सगळ्याच तासिका जोडून टाका, असे आमचे म्हणणे नाही. गुजरातीच्या आठवड्याला चार तासिका आहेत, म्हणजे १४० मिनिटे. त्यांच्या दोन जोड तासिका केल्या तर आठवड्यात दोनच भेटी होतील, आणि एखादा मुलगा एक दिवस गैरहजर राहिला तर त्याचा अर्धा आठवडा गेला. त्याऐवजी मंगळवारी एक जोड तासिका आणि गुरुवारी व शनिवारी एकेक सुटी तासिका ठेवली तर मिनिटे तेवढीच राहतात आणि भेटी तीन होतात. सुट्या तासिका उजळणीच्या, वाचनाच्या. इंग्रजी रोज एकदा असते. तिच्या सहापैकी दोन तासिका जोडून बाकीच्या चार सुट्याच ठेवायच्या, म्हणजे पाच दिवस ती मुलांच्या कानावर पडेल, आणि जोड तासिका नसलेल्या दिवशी तिचे दोन शब्द परिपाठात घेतले जातील. पहिली ते चौथीला जोड तासिका अजिबात नको, यावर आम्हा सर्वांचे एकमत आहे. लहान मुलांना भाषा रोज हवी, थोडी हवी, आणि गाण्यातून हवी.

केंद्राच्या २०२३ च्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यातही गरजेप्रमाणे तासिका जोडून घेण्याचा विचार मांडलेला आहे, त्यामुळे हे काही नियमाबाहेरचे नाही.

आणि मराठी? मराठीची एकही तासिका जाणार नाही. उलट, निबंधासाठी तिचीही एक जोड तासिका असावी असे आम्ही सुचवले आहे. तिच्यात महिन्यातून एकदा अहिराणीला जागा द्यायची. मुलांनी घरून आजीची एखादी गोष्ट, म्हण किंवा शेतातल्या अवजाराचे नाव आणायचे, अहिराणीत सांगायचे आणि मग ते पुस्तकी मराठीत लिहायचे. मुलगा हा 'आंडोर' आणि मुलगी ही 'आंडेर', हे वर्गात मोठ्याने सांगताना आपली मुले लाजतात. ते लाजणे जावे, ही आमची इच्छा आहे. घरची बोली चुकीची आहे असे एकदा मुलाच्या मनात बसले की तो वर्गात गप्प बसतो, आणि गप्प बसलेल्या मुलाला चारांपैकी एकही भाषा शिकवता येत नाही.

प्रस्ताव मंजूर झाल्यास तो एका सत्रापुरता असेल. दिवाळीआधी प्रत्येक मुलाचे गुजराती व इंग्रजी वाचन आम्ही ऐकून नोंदवणार आहोत आणि एक छोटा परिच्छेद लिहून घेणार आहोत. मार्चमध्ये तसाच परिच्छेद पुन्हा लिहून घेऊ आणि दोन्ही कागद पालकांना शेजारी शेजारी ठेवून दाखवू. फरक दिसला नाही तर जुने वेळापत्रक आहेच.

पालकांना दोन विनंत्या. मंगळवारी शक्यतो सुट्टी घेऊ नये, लग्नकार्य असले तरी निदान दुपारपर्यंत मुलाला पाठवावे. आणि जोड तासिकेच्या दिवशी दप्तरात त्या विषयाची एक वही व पेन्सिल एवढेच द्यावे, पुस्तके वर्गातल्या कपाटात राहतील.