आरशावरचा दगड

चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपना, राजुरा, गडचांदूरकडे बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरांत बाथरूमच्या आरशावर पांढरे ठिपके पडतात. साबणाने घासा, रद्दी पेपरने पुसा, ठिपके काही हलत नाहीत. हलणार तरी कसे? ती घाण नाहीच. तो दगड आहे!

या पट्ट्यात जमिनीखाली चुनखडीचे जाड थर आहेत. सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, त्याच्या तळाशी ते साचले. तेव्हा डायनोसोर सोडाच, जमिनीवर झाडंसुद्धा नव्हती. गडचांदूर, आवारपूर, उपरवाहीचे सिमेंट कारखाने याच दगडावर चालतात.

आता हा दगड आरशावर चढतो कसा? पावसाचं पाणी मातीतून झिरपताना तिथला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं आणि किंचित आम्लधर्मी होतं. तेवढ्यानेही चुनखडी हळूहळू विरघळते. बोअरमधून उपसलेलं पाणी नितळ दिसतं, पण दगड त्यात मुरलेला असतो. आंघोळ करताना चार थेंब आरशावर उडतात. थेंब वाळतो, वायू निसटतो आणि मागे उरतं कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे पुन्हा चुनखडीच. उन्हाळाभर चाललेल्या कूलरच्या ताट्या पांढऱ्या, कडक होतात, गिझरच्या कॉइलवर खपली धरते, त्यामागेही हीच करामत.

एखादा ठिपका जवळून न्याहाळा. मध्ये फिकट, कडेला दाट. थेंबाच्या कडेचं पाणी जास्त वेगाने उडतं. तिथली तूट भरायला मधलं पाणी कडेकडे धावतं आणि विरघळलेला चुनाही सोबत नेतं. म्हणून कडेला कंगोरा उठतो.

आता त्यावर लिंबाचा रस लावा. भिंगातून पाहिलंत तर बारीक बुडबुडे दिसतील. तो कार्बन डायऑक्साइड. सिमेंटच्या भट्टीत चुनखडीतून हाच वायू बाहेर काढायला सुमारे ९०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. लिंबू ते काम विनाजाळ करतं. आणि त्या बुडबुड्यांतला काही कार्बन थेट त्या प्राचीन समुद्रातला, इतकी वर्षं खडकात अडकून पडलेला. तो तुमच्या बाथरूममध्ये सुटतो!

मात्र रस बेताने वापरा. प्रतिमा दाखवतो तो काचेमागचा धातूचा थर. काचेवर चांदी चढवण्याची रासायनिक रीत जर्मन शास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग याने १८३५ मध्ये शोधली. चांदीच्या आरशात हा थर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढाच असतो. पाठीला रंगाचं कवच असतं, कापलेली कड मात्र नाजूक. तिथून ओल किंवा आम्ल शिरलं की आरसा कडेने काळा पडतो, आणि तो डाग कशानेही जात नाही. म्हणून रस आरशावर ओतू नका. फडक्यावर घ्या, दोन मिनिटं ठिपक्यांवर दाबून धरा, साध्या पाण्याने पुसा, लगेच कोरडं करा. संडासाचं ॲसिड तर आरशाजवळ नेऊच नका. खाली संगमरवर, शहाबादी किंवा कडप्पा असेल तर रस त्यावर ठिबकू देऊ नका. तेही चुनखडीच्याच कुळातले. लिंबू त्यांनाही खातं.

सगळ्यांत सोपा उपाय बिनखर्चाचा आहे. आंघोळ झाली की सुती फडक्याने आरसा टिपून घ्या. थेंब आरशावर वाळलाच नाही, तर दगड बनतच नाही.