काचपेटीतली कऱ्हा

गेल्या वैशाखात मोरगावला बहिणीकडे गेलो होतो. संध्याकाळी मयूरेश्वराचे दर्शन घेऊन परततो, तोच वीज गेली. माशांच्या काचपेटीतले बुडबुडे थांबले. दोन तासांनी भाचा कावराबावरा होऊन म्हणाला, "मामा, मासे वर येऊन तोंडं वासताहेत!"

मी पडलो मराठीचा प्राध्यापक! तरी एवढे ठाऊक होते की, बुडबुड्यांचे मुख्य काम पाणी हलवण्याचे. वर चढताना ते तळचे पाणी ओढून आणतात नि त्याची हवेशी गाठ घालून देतात. निश्चल पाण्यात प्राणवायू हवेच्या मानाने सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. त्यात पाणी तापलेले. २० अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात.

गावच्या कऱ्हेला गुरुत्वाकर्षण उतारावरून वाहते ठेवते. पेटीला कुठला आलाय उतार? आम्ही झाकण काढले, खिडकी उघडली. बाष्पीभवनाने वरचे पाणी निवते, निवले की जड होऊन खाली जाते आणि तळचे वर येते. बॅटरीच्या उजेडात पाहिले, तर खाद्याचे कण काचेलगत उतरत होते, मध्यावर चढत होते. बिनउताराची नदीच ती!

पण भारी सुस्त. अखेर भाच्याने तांब्याने पाणी काढून वीतभर उंचीवरून परत ओतायला सुरुवात केली. साडेदहाला वीज आली, तोवर त्याचे दंड भरून आले होते.

सातांपैकी सहा वाचले.