एक बाग, बारा फोटो

ऑक्टोबर आला की परदेशातली भावंडं व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवू लागतात. लाल-पिवळी झाडं, रस्त्यावर पानांचा सडा. आपण अंगठा दाखवतो आणि म्हणतो, "आपल्याकडे असलं काही नाही बाबा!"

मीही तेच म्हणायचो. मी कोल्हापुरात, आई बेळगावात टिळकवाडीच्या घरात एकटी. "आता आमच्याकडे चल," असं मी म्हटलं की तिचा एकच प्रश्न असतो, "आणि बागेला कोण बघणार?" तिची बाग फुलांपेक्षा पानांचीच जास्त. क्रोटन, कोलियस, कर्दळ, रंगीत अळू, नेचे आणि मागे एक आंबा. ती म्हणते, "फूल चार दिवसांचं, पान बारा महिन्यांचं." गेल्या पाडव्याला मी ठरवलं, या बागेचे वर्षभर फोटो काढायचे. बाग सोडायची वेळ आलीच, तर निदान फोटो तरी तिच्यासोबत येतील.

नियम साधा होता. दर महिन्याचा पहिला रविवार, सकाळी आठची वेळ, मागच्या दाराचा उंबरठा आणि तीच चौकट.

चैत्रपालवी

पहिल्याच फोटोत माझा समज खोटा ठरला. आंब्याची कोवळी पानं तांब्यासारखी लाल होती. खानापूरच्या रानात याच सुमारास कुसुंब लालभडक होतो. थंड देशांत पान गळताना लाल होतं, आपल्याकडे अनेक झाडांचं पान जन्मतानाच लाल असतं. दोन्हीकडे रंगद्रव्य एकाच कुळातलं, अँथोसायनिन. कोवळ्या पानात हिरवं द्रव्य पुरेसं तयार झालेलं नसतं, तोवर हा लाल रंग त्याला कडक उन्हापासून जपतो, असं मानलं जातं. आपला रंगांचा हंगाम शरदात नाही, वसंतात येतो.

असा फोटो घेताना ऊन पानाच्या मागून येऊ द्या. पान दिव्यासारखं उजळतं आणि शीर न् शीर दिसते. मोबाइलवर पानावर बोट ठेवून फोकस पक्का करा.

पाऊस

मे महिन्यात वळीव झाला आणि रिकाम्या वाटणाऱ्या कुंड्यांतून रंगीत अळूने डोकं वर काढलं. थंडीत त्याचा कंद मातीत झोपलेला असतो. आषाढात तर बेळगावचा पाऊस! ऊन नाही म्हणून मी कुरकुरलो, पण पानांच्या फोटोला ढगाळ उजेडच उत्तम. सावल्या काळ्या पडत नाहीत, रंग खरे येतात. मोबाइल मात्र गर्द हिरवं उगाच फिकट करतो, म्हणून उजेड थोडा कमी करा. कॅमेरा असेल तर पोलरायझर फिल्टर फिरवून ओल्या पानावरची चकाकी घालवता येते. कॅमेरा बंद कपाटात ठेवू नका. पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते. सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या हवाबंद डब्यात तो ठेवा.

आईचं माहेर निपाणी. मावशीकडे याच क्रोटनची फांदी लावलेली आहे. तिकडे पाऊस कमी, माती काळी आणि अंगणभर ऊन. तिचं क्रोटन लाल-केशरी, आमचं आंब्याच्या सावलीतलं हिरवट. क्रोटनचा रंग उन्हावर खुलतो. अंतर सत्तरेक किलोमीटर, आणि एकाच झाडाची दोन रूपं!

थंडी

डिसेंबरात पॉइन्सेटिया लाल झाला. आपण ज्याला त्याचं फूल समजतो ती खरं तर पानंच. रात्री लांबल्या की ती रंगतात. रस्त्याच्या दिव्याखालची कुंडी हिरवीच राहिली होती, कारण तिला पुरता अंधारच मिळाला नव्हता. शेजारचा देशी बदामही पानं टाकण्याआधी लाल झाला.

फोटो शेजारी शेजारी

फाल्गुनात बारा फोटो ओळीने लावले आणि रंगांआधी दुसरंच काही दिसलं. पाडव्याला कुंड्या पार कुंपणापर्यंत होत्या. श्रावणात मागची रांग पुढे आली होती. दिवाळीनंतर सगळी बाग दाराजवळ गोळा झालेली, आणि कुंपणालगत नुसती माती. मी दर महिन्याला तिथेच उभा होतो आणि मला ते दिसलं नव्हतं.

आईला विचारलं. ती म्हणाली, "बादली तिथवर नेववत नाही रे आता. कामवाल्या बाईकडून एकेक कुंडी पुढे आणवून घेतली." हे तिने फोनवर कधीच सांगितलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात प्लंबर बोलावला. कुंपणाजवळ नळ बसवला, हलका पाइप जोडला, घसरू नये म्हणून पायवाटेवर खडबडीत फरशी टाकली. कोल्हापूरचा विषय अजून संपलेला नाही. पण या पाडव्याच्या फोटोत मागची रांग पुन्हा जागेवर आहे.

तुमच्याही गावी अशी एखादी बाग असेल, निदान गॅलरीत चार कुंड्या असतील. जागा आणि वेळ ठरवा आणि महिन्याला एक फोटो काढा. तिथे राहत नसाल, तर आई-बाबांना काढायला सांगा. फोटो आला की पानं बघाच, पण कुंड्या कुठे ठेवल्यात तेही बघा.