शिकवलं टेक्सासने, जिंकलं ओक्लाहोमा
अमेरिकेतलं कॉलेज फुटबॉल, साल 1968. टेक्सास विद्यापीठाचे सहायक कोच एमरी बेलार्ड यांनी क्वार्टरबॅक आणि त्याच्या मागचे तीन गडी इंग्रजी वाय अक्षरासारखे उभे केले. कोंबडीच्या छातीतल्या हाडासारखी रचना, म्हणून नाव 'विशबोन'. गंमत म्हणजे समोरच्या एका बचावपटूला मुद्दाम कुणी अडवतच नाही. तो मधल्या गड्यावर झेपावला, तर क्वार्टरबॅक बॉल स्वतःकडे ठेवतो. नाहीतर मधल्याला देतो. पुढे आणखी कुणी आडवा आला, की बाहेरच्याकडे फेकतो. टेक्सासने सलग 30 सामने जिंकले!

1970 मध्ये ओक्लाहोमाच्या कोचची नोकरी धोक्यात होती. टेक्सासचे मुख्य कोच डॅरेल रॉयल यांनी बेलार्डना सांगितलं, त्यांना शिकवा. कट्टर प्रतिस्पर्ध्याला! मला हे अजून पटत नाही. 1971 ते 1975, ओक्लाहोमाने टेक्सासला दरवर्षी हरवलं. विशबोन वापरूनच.