कडधान्यांतील अडसर व डॉ. कमलाबाई सोहोनी

सोयाबीनचा भाव पडला त्या हंगामांत आमच्या पुतण्यानें घरचें धान्य बाजारांत न नेतां कच्चेंच भरडून कोंबडीच्या पिलांस घालण्यास आरंभ केला. हा सल्ला आमचाच होता, हें येथें कबूल केलें पाहिजे. जिन्नस घरचा, पौष्टिक, आणि पेंडीचा खर्च वांचणार, एवढाच आमचा हिशेब. पिलें खात होतीं, परंतु वाढत नव्हतीं. शेजाऱ्याचीं त्याच वयाचीं पिलें दिडीनें मोठीं दिसूं लागलीं, तेव्हां पशुवैद्यांस बोलाविलें. त्यांनीं खाद्य हातांत घेऊन एवढेंच विचारलें, "हें शिजवलें किंवा भाजलें होतें काय?" त्या प्रश्नाचा उलगडा करून घेतां घेतां आम्ही डॉ. कमलाबाई सोहोनी यांच्या संशोधनापर्यंत पोहोंचलों. तेंच सभासद बंधुभगिनींपुढें ठेवीत आहों.

पोटांत अन्न आपोआप पचत नाहीं. शरीर त्यासाठीं निरनिराळीं पाचक द्रव्यें तयार करतें. त्यांस एन्झाइम, व शास्त्रीय मराठींत विकर म्हणतात. स्वादुपिंडांतून येणारें ट्रिप्सिन हें त्यांपैकीं एक. प्रथिनांचे बारीक तुकडे करणें हें त्याचें काम. आतां कच्च्या कडधान्यांत असा एक पदार्थ असतो कीं, तो ट्रिप्सिनला चिकटून त्याचें काम बंद पाडतो. कुलुपांत मोडकी किल्ली अडकावी तसा हा प्रकार. मग स्वादुपिंड अधिकाधिक ट्रिप्सिन करूं लागतें, आकारानें वाढतें, आणि खाल्लेलें अंगीं लागत नाहीं. धान्यानें हा अडसर स्वतःच्या रक्षणासाठीं बाळगलेला असतो; किडीचें पचनही त्यानें बिघडतें.

कमलाबाई या दुर्गाबाई भागवत यांच्या धाकट्या भगिनी. १९३३ सालीं मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी. परीक्षेंत पहिल्या येऊन त्यांनीं बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं केवळ स्त्री म्हणून तो नाकारला. बाईंनीं सत्याग्रहाचा मार्ग धरला. शेवटीं प्रवेश मिळाला तो अटींवर. त्यांतील एक अशी कीं, पहिलें एक वर्ष त्यांस नियमित विद्यार्थिनी समजलें जाणार नाहीं. नोबेल पारितोषिक मिळविलेल्या पुरुषाकडून असें घडावें याचें आम्हांस आजही नवल वाटतें. पुढें मात्र त्यांचें मत पालटलें. तेथें श्रीनिवासय्या यांच्या हाताखालीं बाईंनीं दूध व कडधान्यें यांतील प्रथिनांवर काम केलें. नंतर केंब्रिजला जाऊन, वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी हें श्वसनास आवश्यक द्रव्य असतें, हें त्यांनीं बटाट्यावरून दाखविलें व १९३९ सालीं पीएच. डी. मिळविली. प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता. सरकारी फायलींत जन्म घालविलेल्या आम्हांस या आंकड्याचें विशेष कौतुक वाटतें.

परत आल्यावर दिल्ली, कुन्नूर, आणि १९४७ च्या विवाहानंतर मुंबईची विज्ञान संस्था. येथें त्यांनीं व त्यांच्या विद्यार्थ्यांनीं गरिबांच्या ताटांतील अन्न तपासावयास घेतलें. नीरेवरील कामाबद्दल त्यांस राष्ट्रपतींचें पारितोषिक मिळालें. आमच्या कामाची गोष्ट निराळी: वाल व डबल बी यांतील ट्रिप्सिन-रोधक द्रव्य शुद्ध स्फटिकांच्या रूपांत वेगळें केल्याचें वृत्त त्यांनीं एका सहकाऱ्यासह १९५५ सालीं 'नेचर' या विलायती नियतकालिकांत दिलें. १९९८ सालीं त्या निवर्तल्या.

वाल म्हणजे कांहीं परका जिन्नस नव्हे. आमच्याच जिल्ह्यांत अकोले तालुक्यांतील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनीं वालाचे, घेवड्याचे गांवठी वाण जपले. त्यांस २०२० सालचा पद्मश्री किताब मिळाला. हुलगा मात्र आम्हीं पीकपाहणीच्या नकला करतांना रकान्यांतच अधिक पाहिला. त्यांतही हा अडसर आहेच. आपले वाडवडील हुलगे शिजवून बैलांस घालीत, तें दाणे मऊ व्हावे म्हणून. बैलाच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यांतील सूक्ष्म जंतू हें रोधक द्रव्य मोडून टाकतात, त्यामुळें कच्चें धान्य मोठ्या जनावरास या बाबतींत फारसें बाधत नाहीं. लहान वासरें, कोंबड्या व माणसें यांस ती सोय नाहीं. भिजवून नीट शिजविल्यास तें द्रव्य बरेंच निकामी होतें. अर्धेंकच्चें ठेविल्यास बराच भाग उरतो. तेलगिरणीची सोयापेंड तेल काढल्यावर भाजून निघते, म्हणून ती चालते. तेंच धान्य घरीं कच्चें भरडलें कीं चालत नाहीं. हा भेद आम्हांस ठाऊक नव्हता.

पुतण्या आतां सोयाबीन रात्रभर भिजवितो, सकाळीं उकळत्या पाण्यांत निदान अर्धा तास शिजवितो, आणि वाळवून मग भरडतो. जळण लागतें, ही त्याची तक्रार रास्त आहे. पहिल्या पिलांचा तोटा आम्हीं निवृत्तिवेतनांतून भरून दिला.