गर्भातील हृदयदोष : निदान कशासाठी?

बाळ जन्मते, रडते, अंगावर पिऊ लागते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अचानक निळसर पडते. थंडी बाधली असेल, असे समजून घरची मंडळी त्याला गुंडाळून ठेवतात. गोंदिया जिल्ह्यातील गोरेगावसारख्या ठिकाणी अशा बाळाला आधी गोंदियाला न्यावे लागते. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी तेथून सुमारे दीडशे किलोमीटरवरील नागपूर गाठावे लागते. तेवढा वेळ त्या जिवाजवळ असेलच असे नाही.

हे का घडते? हजार जन्मांमागे साधारण ८ ते १० बाळांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. हृदयाच्या पडद्यातील लहान छिद्रे पुष्कळदा आपोआप बुजतात. परंतु सुमारे चौथा हिस्सा दोष गंभीर असतात. गर्भात बाळाला प्राणवायू आईच्या वारेतून मिळतो, त्यामुळे दोष असूनही बाळ सुखरूप वाढते. ‘डक्टस आर्टेरिओसस’ ही गर्भावस्थेतील रक्तवाहिनी जन्मानंतर दोन-तीन दिवसांत मिटू लागते. ज्या बाळाचा रक्तपुरवठा तिच्यावरच अवलंबून असतो, त्याची प्रकृती तेव्हा झपाट्याने ढासळते. प्रोस्टाग्लँडिन हे औषध शिरेतून देऊन ती वाहिनी उघडी ठेवता येते. मात्र दोषाची कल्पना आधी असावी लागते.

ही कल्पना गरोदरपणाच्या १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास होणाऱ्या सोनोग्राफीतून येऊ शकते. त्या वेळी हृदयाचे चार कप्पे पाहणे पुरेसे नसते. तेथून निघणाऱ्या दोन महावाहिन्याही पाहाव्या लागतात. शंका आल्यास गर्भाची ‘एको’ तपासणी करतात. आईला मधुमेह असेल किंवा आधीच्या अपत्यास हृदयदोष असेल, तर ही दक्षता अधिक हवी. तथापि बहुसंख्य दोष अशी कोणतीही पूर्वसूचना नसलेल्या कुटुंबांतच आढळतात.

आधी कळल्याने काय साधते? महावाहिन्यांची अदलाबदल झालेल्या बाळांविषयी पॅरिसमधील डॉक्टरांनी १९९९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. जन्मानंतर निदान झालेल्या २५० बाळांपैकी १५ बाळे शस्त्रक्रियेपूर्वीच दगावली होती. गर्भातच निदान झालेल्या ६८ बाळांपैकी एकही दगावले नाही. दोष तोच होता. फरक होता तो प्रसूती कोठे होणार आणि डॉक्टर सज्ज असणार की नाही, याचा.

महाराष्ट्रात मात्र हा विषय गाजला तो निराळ्या कारणाने. २००८ मध्ये गर्भाच्या हृदयात गंभीर दोष आढळल्याने मुंबईतील एका दांपत्याने २० आठवड्यांची मुदत उलटल्यावर गर्भपाताची परवानगी मागितली. उच्च न्यायालयाने ती ऑगस्टमध्ये नाकारली. पुढे काही दिवसांतच तो गर्भ नैसर्गिकरीत्या गेला. २०२१ च्या दुरुस्तीने कायद्याची मुदतही बदलली. त्या आईबापांच्या वेदनेला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु त्या साऱ्या चर्चेत ‘या बाळावर उपचार कोठे आणि कसे होतील?’ हा प्रश्न मागेच राहिला.

ख्रिस्तसभा गर्भातील तपासणीच्या विरोधात आहे, असा काहींचा समज असतो. तो खरा नाही. १९८७ च्या ‘डोनुम व्हीटे’ या दस्तऐवजानुसार गर्भाच्या जिवाचा आदर राखून, त्याच्या रक्षणासाठी व उपचारासाठी केलेले निदान ग्राह्य आहे. दोष आढळताच जीव संपवायचा, या हेतूने केलेले निदान मात्र ग्राह्य नाही.

काही दोषांपुढे आजही वैद्यक हतबल ठरते. अशा वेळी आधीच झालेल्या निदानामुळे आईबापांना मनाची तयारी करण्यास आणि आप्तांचा आधार मिळवण्यास अवधी मिळतो.

म्हणून गर्भवती भगिनींनी ही सोनोग्राफी वेळेत करून घ्यावी. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला शासकीय रुग्णालयांत गर्भवतींची मोफत तपासणी होते; तेथे हा विषय आवर्जून काढावा. दोष आढळल्यास प्रसूती कोठे करावी, हे डॉक्टरांशी बोलून आधीच ठरवावे. सोनोग्राफीतूनही काही दोष निसटतात. यासाठी बाळ २४ तासांचे झाल्यावर त्याच्या उजव्या हातातील व पायातील प्राणवायूचे प्रमाण ऑक्सिमीटरने मोजण्याची विनंती करावी. ही तपासणी वेदनारहित आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झाला. त्यात जन्मजात हृदयदोषांचा समावेश असून उपचारांसाठी साहाय्य मिळते. आशाताईंकडे त्याची चौकशी करता येते.

शेजारच्या घरी असे निदान झाले, तर ‘आता काय करणार?’ असे विचारण्याऐवजी ‘नागपूरला सोबत कोण येणार?’ असे आपण विचारू या.