तीन मतांचा माणूस

मार्च १९५७ मध्ये केनियातल्या आफ्रिकी लोकांनी पहिल्यांदा आपले प्रतिनिधी स्वतः निवडून कायदेमंडळात पाठवले. पण त्या निवडणुकीत सगळ्या मतदारांना सारखी मते नव्हती. कुणाला एक, कुणाला दोन, कुणाला तीन. शिक्षणाचे एक मत, वर्षाला १२० पौंड मिळकत किंवा ५०० पौंडांची मालमत्ता असेल तर त्याचे एक. फौजेत किंवा सरकारी चाकरीत बरीच वर्षे काढली असतील, वडीलकीचा मान असेल, सरकारदरबारी पदक मिळाले असेल, तर त्याचेही मत. बेरीज मात्र तीनच्या वर जाऊ द्यायची नव्हती. यातले काहीच पदरी नसेल तर यादीत नावच नाही. शेजारच्या मळ्याच्या गोऱ्या मालकाला असली कुठलीही परीक्षा नव्हती. तो सज्ञान होता, गोरा होता आणि तिथे राहत होता, एवढ्यावर त्याचे भागत होते.

ही योजना आखली वॉल्टर कूट्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने. आफ्रिकी प्रतिनिधी कसे निवडावेत, याचा अभ्यास करण्यासाठी सरकारने १९५५ मध्ये त्याला नेमले होते. तोवर आफ्रिकी सभासद गव्हर्नरच नेमत असे. त्यातला पहिला, एलियूड माथू, १९४४ मध्ये सभागृहात आला. नेमणुकीपेक्षा निवडणूक केव्हाही बरी, यात वाद नाही. पण कूट्सच्या योजनेच्या मुळाशी एक ठाम समजूत होती. मत हे लायकीचे बक्षीस आहे आणि लायकी ठरवण्याचा अधिकार राज्यकर्त्याचा आहे, ही ती समजूत.

याद्या चार, देश एक

१९४८ च्या शिरगणतीत केनियात आफ्रिकी सुमारे साडेबावन्न लाख होते. युरोपीय सुमारे ३० हजार, अरब सुमारे २४ हजार. भारतीय ९० हजारांच्या वर, आणि त्यांच्यापासून वेगळे मोजलेले गोवेकर सात हजारांच्या वर. निवडून द्यायच्या जागा मात्र अशा होत्या: युरोपीय १४, आशियाई ६, अरब १, आफ्रिकी ८. आशियाई जागांचीही पुन्हा मुसलमान आणि बिगरमुसलमान अशी वाटणी झालेली होती. विभक्त मतदारसंघाचा जो प्रयोग ब्रिटिशांनी १९०९ मध्ये भारतात केला, तोच इथे वर्णाच्या पायावर उभा केला होता. प्रत्येकाने आपल्याच वंशाच्या उमेदवाराला मत द्यायचे. मग कुठल्याही उमेदवाराला दुसऱ्या वंशाच्या दारात जायची गरज उरत नव्हती, आणि जो आपल्या लोकांची भीती जास्त चेतवील त्याला फायदा होत होता. सप्टेंबर-ऑक्टोबर १९५६ च्या युरोपीय निवडणुकीत तसेच झाले. जरा सबुरीची भाषा बोलणाऱ्या मायकेल ब्लंडेल यांच्या गटाला ६ जागा मिळाल्या, तर कडव्या ब्रिग्ज गटाला ८.

या व्यवस्थेची मुळे १९२३ मध्ये सापडतात. आदल्या वर्षी लंडनमध्ये तयार झालेल्या वुड-विंटरटन योजनेत भारतीयांना गोऱ्यांबरोबर एकाच यादीत घ्यायचे सुचवले होते, तेही शिक्षण-संपत्तीच्या चाळणीतून. तेवढ्यानेही गोरे वसाहतवाले इतके बिथरले की त्यांनी गव्हर्नरला पळवून नेऊन सत्ता ताब्यात घेण्याचा बेत रचला. भारताची बाजू मांडायला श्रीनिवास शास्त्री लंडनला गेले. शेवटी ब्रिटिश सरकारच्या १९२३ च्या डेव्हनशायर श्वेतपत्रिकेने एक यादी नाकारली. गोऱ्यांना ११ जागा, भारतीयांना ५ जागा आणि स्वतंत्र यादी मिळाली. आफ्रिकींचे हित सर्वोपरी, असे त्याच पत्रिकेत लिहिले होते, पण त्यांच्या वतीने बोलायला एक पाद्री नेमून सरकार मोकळे झाले. भारतीयांनी त्या जागांवर बहिष्कार टाकला. त्यांची मागणी रास्त होती, पण गोऱ्यांशी बरोबरी मागताना आफ्रिकींच्या मताचा प्रश्न त्या लढ्याच्या कडेलाच राहिला, हेही आपण प्रामाणिकपणे मान्य करायला हवे.

निष्ठेचा दाखला

१९५७ चे मतदान आणीबाणीत झाले. गोऱ्या राजवटीविरुद्धच्या माऊ माऊ उठावामुळे ऑक्टोबर १९५२ मध्ये आणीबाणी पुकारली गेली, आफ्रिकींचे नेते जोमो केन्याटा तुरुंगात गेले आणि १९५३ मध्ये त्यांच्या पक्षावर बंदी आली. किकुयू, एम्बू आणि मेरू समाजांतल्या माणसाला मतदार व्हायचे तर शिक्षण-मिळकत पुरत नव्हती. सरकारनिष्ठेचा दाखलाही लागत होता. परिणाम उघड होता. उठावाचा आणि दडपशाहीचा सर्वांत मोठा भार ज्या किकुयूंनी सोसला, त्यांचा एकही माणूस निवडून आलेल्या आठांत नव्हता. मध्य प्रांताची जागा मेरू समाजाच्या बर्नार्ड माटे यांनी जिंकली. हरले ते एलियूड माथू.

नैरोबीत सामना रंगला तो टॉम म्बोया आणि आर्गविंग्ज-कोडेक यांच्यात. दोघेही लुओ. कोडेक बॅरिस्टर, माऊ माऊच्या आरोपींची वकीलपत्रे घेणारे. म्बोया तिशीच्या आतले, नैरोबी नगरपालिकेचे एकेकाळचे आरोग्य निरीक्षक, नंतर कामगार महासंघाचे सरचिटणीस. ते सुमारे चारशे मतांनी जिंकले. एकेका हाताला तीन-तीन मते असताना चारशे मतांमागे माणसे किती, हे आकड्यावरून कळायला मार्ग नाही. मध्य न्यान्झात ओगिंगा ओडिंगा यांनी पहिल्या आफ्रिकी मंत्र्याला, ओहंगांना, पाडले. रिफ्ट व्हॅलीतून डॅनियल अराप मोई आले.

सरकारचा हिशेब असा होता की शिकलेले, मिळवते, निष्ठावंत मतदार मवाळ माणसे पाठवतील. तो पहिल्याच दिवसांत कोलमडला. आठही जणांनी एकत्र संघटना केली, मंत्रिपदे नाकारली आणि ज्या राज्यघटनेने आपल्याला निवडले तीच आपल्याला मान्य नाही, असे जाहीर केले. जून १९५८ मध्ये ओडिंगांनी भर सभागृहात केन्याटा हेच लोकांचे नेते असल्याचे ठणकावून सांगितले. चाळणीतून गाळून घेतलेल्या माणसांनीच चाळणी नाकारली. या निवडणुकीतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच आहे.

आपल्या माणसांचा हात

या इतिहासात दोन माणसे आपल्याकडची आहेत. औंधच्या पंतप्रतिनिधींचे चिरंजीव आप्पासाहेब पंत १९४८ मध्ये भारताचे आयुक्त म्हणून नैरोबीला गेले. आफ्रिकी नेत्यांशी त्यांनी मैत्री जोडली, आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारतीय विद्यापीठांच्या शिष्यवृत्त्या मिळवून दिल्या. ब्रिटिशांनी दिल्लीकडे तक्रारी केल्या आणि १९५४ मध्ये त्यांचा तिथला मुक्काम संपला. दुसरे पियो गामा पिंटो. जन्म नैरोबीचा, शिक्षण गोव्यात आणि धारवाडला, गोवामुक्तीच्या चळवळीत भाग घेऊन ते केनियाला परतले. १९५४ मध्ये त्यांना पकडण्यात आले आणि १९५९ पर्यंत ते स्थानबद्ध होते. म्हणजे या मतदानाच्या वेळी ते कैदेत होते. फेब्रुवारी १९६५ मध्ये, स्वतंत्र केनियाचे खासदार असताना, नैरोबीत त्यांची हत्या झाली.

पंत नैरोबीत होते त्याच काळात, १९५१-५२ मध्ये, भारतात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. बहुसंख्य मतदार निरक्षर होते. त्यांनी चिन्हे पाहून मते दिली आणि मताला शिक्षण-संपत्तीची कुठलीही अट नव्हती. सायमन कमिशनपुढे १९२८ मध्येच डॉ. आंबेडकरांनी प्रौढ मताधिकाराचा आग्रह धरला होता. त्यामुळे केनियात लायकीची मापे आखली जात होती तेव्हा ती मापे अनावश्यक असल्याचा पुरावा जगासमोर होता.

१९६१ मध्ये केनियात एक यादी आली. वंशवार राखीव जागा आणि त्यांसाठी आपापल्या वंशाची प्राथमिक फेरी शिल्लक होती, पण शेवटचे मत सगळ्या वंशांच्या मतदारांचे होते. गोऱ्यांच्या प्राथमिक फेरीत मागे पडलेले ब्लंडेल आफ्रिकी मतांवर दणदणीत निवडून आले. यादी बदलली की त्याच मतदारसंघातला निकाल उलटतो, याचा हा रोकडा दाखला.

मात्र १९५५ मध्ये सरकारने आफ्रिकींना फक्त जिल्ह्यापुरत्या संघटना काढू दिल्या होत्या, आणि तो घाव भरला नाही. प्रत्येक नेता आपल्या जिल्ह्यात, म्हणजे आपल्या जमातीत, वाढला. १९६१ च्या निवडणुकीतले कानू आणि काडू हे पक्षही मोठ्या आणि लहान जमातींच्या रेषेवरच दुभंगले. एक माणूस एक मत हे तत्त्व कायद्याने एका वर्षात आणता येते. परक्या राज्यकर्त्याने आखलेल्या याद्या लोकांच्या मनातून पुसायला मात्र पिढ्या जातात. म्हणून मतदाराची लायकी तपासायची भाषा पुन्हा कुणी, कुठल्याही निमित्ताने काढली, तर केनियाची ती तीन मते त्याच्यापुढे ठेवायला हवीत.